माहितीपट दाखवा, पण रिमोट हातात ठेवून

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. विट्याजवळच्या माध्यमिक शाळेत तुम्ही चित्रकला शिकवता. मुलांना मुंबईचं प्रदर्शनसुद्धा बघायला मिळत नाही, मग ॲमस्टरडॅम-पॅरिस तर दूरच. शाळेत प्रोजेक्टर आला, तेव्हा थोर चित्रकारांवरच्या आणि गाजलेल्या प्रदर्शनांवरच्या डॉक्युमेंटरी दाखवायला तुम्ही सुरुवात केलीत, पण पंधरा मिनिटांत मुलं चुळबुळ करू लागतात. तुम्ही विचारलंय की कोणत्या फिल्म दाखवाव्यात, आणि पडद्यावर पाहिलं म्हणजे चित्र पाहिल्यासारखं होतं का.

तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तो सुटला की पहिल्याचं उत्तर आपोआप सापडतं, म्हणून आधी त्याच्याकडे वळतो.

मी सांगलीत बावीस वर्षं एटीडीच्या, म्हणजे आर्ट टीचर डिप्लोमाच्या, मुलांना शिकवलं. त्यातली चौदा वर्षं महिन्यातल्या एका शनिवारी चित्रकारांवरचे माहितीपट दाखवत आलो. पहिल्या वर्षी माझ्याकडेही हेच झालं. एका युरोपीय प्रदर्शनावरचा दीड तासाचा इंग्रजी माहितीपट मी सलग लावला. दुपारची वेळ, खोलीत अंधार, निम्मी मुलं पेंगली. दिवे लावून विचारलं, काय आवडलं? बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, ती मोतीवाली मुलगी आपल्या फळ्याएवढी आहे का?"

डच चित्रकार व्हर्मीरचं 'मोत्याचं डूल घातलेली मुलगी' हे ते चित्र ४४.५ सेंटिमीटर उंच आणि ३९ सेंटिमीटर रुंद आहे. शाळेच्या दप्तराएवढं. दीड तास जाणकार मंडळी त्या चित्राबद्दल बोलत होती, कॅमेरा ओठांवरच्या ओलसर चमकेपर्यंत जाऊन आला, पण ते चित्र किती मोठं आहे ही पहिली गोष्टच मुलांपर्यंत पोचली नव्हती. पडद्यावर सगळी चित्रं एकाच मापाची होतात. रेम्ब्रांटचं 'नाइट वॉच' सुमारे ३.६ मीटर उंच आणि ४.४ मीटर रुंद आहे, तरी त्याला आणि व्हर्मीरच्या त्या मुलीला पडद्यावर सारखीच जागा मिळते.

त्या दिवसानंतर मी या प्रश्नाकडे असा बघतो. चित्रासमोर उभं असताना कुठे बघायचं, किती वेळ बघायचं आणि पुढे जायचं की मागे सरायचं हे आपण ठरवतो. माहितीपटात हे तिन्ही निर्णय दिग्दर्शकाने आधीच घेतलेले असतात. मुलाच्या डोळ्यांना कामच उरत नाही. तुमच्या वर्गातली चुळबुळ आळसामुळे होत असेल असं मला वाटत नाही. रिकाम्या डोळ्यांची ती तक्रार आहे. तेव्हा फिल्म कोणतीही असो, हे तीन निर्णय मुलांना परत कसे द्यायचे, एवढं आपल्याला बघायचं आहे.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी मांडतो. तुमची मुलं एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शालेय परीक्षांच्या वयाची आहेत. माझी एटीडीची होती आणि चित्रकला त्यांनी स्वतः निवडलेली होती. तुमच्याकडे पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास, माझ्याकडे अख्खी दुपार. इंग्रजी निवेदन किती कळतं, हे शाळेशाळेत बदलतं. त्यामुळे मी जे सांगतोय त्यातलं अर्धं तुम्हाला तसंच्या तसं लागू होईल, अर्धं कापून बेतावं लागेल.

सुरुवात मापापासून करा. ज्या चित्रावर फिल्म आहे, त्याच्या खऱ्या मापाचा कागद कापून भिंतीवर आधी लावून ठेवा. जुन्या वर्तमानपत्राचे कागद चिकटवले तरी चालतात. 'मोनालिसा' ७७ बाय ५३ सेंटिमीटर. व्हॅन गॉगची 'तारांकित रात्र' साधारण ७४ बाय ९२. एवढंसं? हा उद्गार मुलांच्या तोंडून आला की फिल्म सुरू करा. पिकासोचं 'गेर्निका' जवळपास ३.५ मीटर उंच आणि ७.८ मीटर लांब आहे, ते कोणत्याही वर्गात मावत नाही. आम्ही ते मैदानावर फक्कीने आखलं होतं. कबड्डीचं १३ मीटरचं मैदान मुलांच्या पायाखालचं असतं, त्याच्या निम्म्याहून लांब एकच चित्र, हे त्यांना चालून कळलं. एका टोकाला उभ्या असलेल्या पोराला दुसऱ्या टोकाचा घोडा नीट दिसणार नाही, त्यासाठी पावलं टाकावी लागतील, हे सांगायची मला गरजच पडली नाही.

मग रंग. बहुतेक प्रोजेक्टर आणि टीव्ही दुकानातून येतात ते भडक सेटिंगवर. 'डायनॅमिक' किंवा 'व्हिव्हिड' असं काही दिसलं की ते बदलून 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' करा. दुसरं कारण भिंत. आपल्याकडे चुन्यात नीळ घालायची पद्धत आहे, त्यामुळे पांढरी वाटणारी भिंत निळसर असते आणि रेम्ब्रांटचे सगळे तपकिरी रंग मेल्यासारखे दिसतात. मागून पांढरा असलेला जुना फ्लेक्स उलटा करून ताणून बांधा, बरंच सुधारतं. मी एक साधी चाचणी करायचो. हळकुंडाचा उजेडात काढलेला फोटो पडद्यावर लावायचा आणि शेजारी खरं हळकुंड धरायचं. चाचणी काटेकोर नाही, पण सांगलीच्या पोरांना हळदीचा पिवळा डोळे मिटूनही माहीत असतो. पडदा किती खोटं बोलतोय, ते लगेच कळतं. खरं चित्र याहून वेगळं आहे, ही शंका त्यांच्या मनात राहिलेली मला हवी असते.

सगळ्यात मोठं काम थांबवण्याचं. बारा मिनिटांचा तुकडा निवडायचा, त्यात तीनदा फिल्म थांबवायची. थांबलेल्या चित्राकडे दोन मिनिटं गप्प बघायचं, मग वहीत फक्त आकार टिपायचे. काय दिसतंय हे मुलांनी बोलायचं, निवेदकाने नंतर. दोन मिनिटं म्हणजे किती लांब असतात, ते पहिल्या खेपेला तुम्हालाच जाणवेल. घाबरू नका, चौथ्या शनिवारी मुलं स्वतःच "सर, थांबवा" म्हणायला लागतात.

आणि आवाज. हे मी इंग्रज कलासमीक्षक जॉन बर्जर यांच्याकडून शिकलो. बीबीसीवर १९७२ मध्ये त्यांची 'वेज ऑफ सीइंग' ही चार भागांची मालिका आली. पहिल्याच भागात ते काराव्हाज्जोचं एकच चित्र दोन वेगळ्या संगीतांबरोबर दाखवतात आणि चित्र बदलल्यासारखं वाटतं. हा प्रयोग तुम्ही वर्गात करा. कुठलंही चित्र घ्या, एकदा मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची भैरवी लावा, एकदा लावणीची ढोलकी. मग आवाज बंद करून तेच चित्र पुन्हा. आमच्या एका विद्यार्थ्याने तेव्हा लिहिलं होतं, "भैरवीत ती बाई रडत होती, ढोलकीत वाट बघत होती, आणि आवाज गेल्यावर नुसती बसली होती." माहितीपटाचं संगीत आपल्याला काय करत असतं, ते यापेक्षा चांगलं मला समजावता येत नाही.

संगीताहून घातक असतं एखादं वाक्य. 'वेज ऑफ सीइंग' याच नावाच्या पुस्तकात बर्जर व्हॅन गॉगचं 'गव्हाच्या शेतावरचे कावळे' आधी नुसतं दाखवतात. पान उलटल्यावर तेच चित्र पुन्हा येतं आणि खाली ओळ असते की आत्महत्येआधी व्हॅन गॉगने काढलेलं हे शेवटचं चित्र. ओळ वाचली की कावळे काळे होतात, आभाळ खाली येतं. त्यांना तेच दाखवायचं होतं. पण पुढची गोष्ट अशी की ती ओळच खरी ठरलेली नाही. कावळे जुलै १८९० च्या दहा तारखेच्या सुमाराचे मानले जातात, व्हॅन गॉगने स्वतःला गोळी झाडून घेतली २७ तारखेला. शेवटचं काम म्हणून आज अभ्यासक 'झाडाची मुळं' या अर्धवट राहिलेल्या चित्राकडे बोट दाखवतात. २०२० मध्ये तर एका जुन्या पोस्टकार्डावरून ती मुळं नेमकी कुठली, तेही सापडलं. तो मुक्कामाला होता त्या खानावळीपासून अवघ्या दीडशे मीटरवरची. तरीही व्हॅन गॉगवरची फिल्म कावळ्यांवर संपवायचा मोह सुटत नाही, कारण तो शेवट नाट्यमय आहे. मुळांचं चित्र उजेडातलं आहे, निळ्या-हिरव्या रंगांचं, हात न थकलेल्या माणसाचं. मुलांना दोन्ही दाखवा, काही न सांगता. मग तारखा सांगा. वेडा चित्रकार, कापलेला कान, पिस्तूल, एवढीच शिदोरी घेऊन आपली मुलं घरी जायला नकोत. पत्रांतून पुस्तकांवर, रंगांवर, शेतकऱ्यांवर भरभरून लिहिणारा हा माणूस होता.

आता फिल्मच्या नावांकडे येतो. माझा निकष एकच: कमी बोलणाऱ्या फिल्म आधी. भाषेची अडचण सुटते आणि डोळ्यांना काम मिळतं.

पहिली फिल्म एम. एफ. हुसेन यांची, 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर'. केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनसाठी १९६७ मध्ये केलेली, काळी-पांढरी, साधारण पंधरा-सतरा मिनिटांची. बर्लिनच्या महोत्सवात लघुपटांसाठीचं सुवर्ण अस्वल तिने मिळवलं. निवेदन जवळपास नाहीच. राजस्थानातल्या गल्ल्या, आणि मध्येच येणारी छत्री, कंदील, जोडा. गोष्ट काय आहे? असं मुलं विचारतील. गोष्ट नाही, असं सांगा. पंढरपुरात जन्मलेला हा माणूस रस्त्यावरची कोणती वस्तू उचलून चौकटीत ठेवतो, एवढंच बघायचं. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने घरातली एक वस्तू आणून तीन ठिकाणी ठेवून काढायची. आमच्याकडे एकाने उसाच्या गुऱ्हाळावरची काहिल सुचवली होती, ती आणता येण्यासारखी नव्हती, मग आम्हीच तिथे गेलो.

दुसरी सत्यजित राय यांची 'द इनर आय', १९७२ ची, वीस मिनिटांची. ती चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी यांच्यावर आहे, ते शांतिनिकेतनात राय यांचे गुरू. एका डोळ्याने जन्मापासून दिसत नव्हतं, दुसरा अधू. मध्यम वयात शस्त्रक्रियेनंतर दृष्टी पूर्ण गेली, तरी काम थांबलं नाही. कागद कापून, दुमडून, चिकटवून ते चित्रं करत राहिले, भिंतीवरचं मोठं कामही केलं. इथे निवेदन इंग्रजी आहे, पण राय यांचा आवाज संथ आहे. तुम्ही आधी दोनदा ऐकून मराठीत सांगू शकता. ही फिल्म मी आजवर अनेकदा दाखवली आणि दर वेळी शेवटी खोलीत शांतता असते. आंधळ्या माणसाची करुण कहाणी असा सूर राय कुठेच लावत नाहीत. हात कुठे जातात आणि कसे परत येतात, ते दाखवतात. नंतर मुलांना डोळे बांधून कागद फाडून एक बसलेला माणूस करायला सांगा.

तिसरी फ्रेंच दिग्दर्शक क्लूझो यांची पिकासोवरची १९५६ ची फिल्म, 'द मिस्टरी ऑफ पिकासो'. कागदाच्या एका बाजूला पिकासो, दुसऱ्या बाजूला कॅमेरा. शाई आरपार झिरपते आणि हात न दिसता रेषा आपोआप उमटत जाते. फुलांचा गुच्छ होतो मासा, माशाचा कोंबडा, कोंबड्याचा चेहरा. मोठा चित्रकार आधीच सगळं ठरवून बसतो हा मुलांचा समज इथे मोडतो. तो खोडतो, बिघडवतो, पुन्हा करतो. पूर्ण दाखवू नका, एवढाच तुकडा पुरे.

फ्रेंच दिग्दर्शक आलँ रने यांची १९४८ ची 'व्हॅन गॉग' फक्त वरच्या वर्गासाठी. रंगांच्या राजावर काळी-पांढरी फिल्म, हे पहिल्यांदा विचित्र वाटतं. पण रंग गेल्यावर फटकारे दिसतात, उजेड-सावलीची मांडणी दिसते. हिचं निवेदन मी बंदच ठेवतो.

एटीडीला जाऊ इच्छिणारी मुलं असतील तर व्हिक्टर एरिसे यांचा १९९२ चा स्पॅनिश चित्रपट त्यांच्यासाठी राखून ठेवा. आंतोनिओ लोपेस नावाचा चित्रकार अंगणातलं एक फळझाड समोर बसून रंगवतो, एवढंच त्यात घडतं. दोन तासांहून मोठा आहे. तो ओळंबा टांगतो, पाय नेमके कुठे ठेवायचे म्हणून जमिनीत खिळे ठोकतो, फळांवर आणि पानांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा करतो. फळं जड होतात, फांद्या झुकतात, खुणा खाली सरकतात. पाऊस येतो. शेवटी रंगचित्र बाजूला ठेवून तो पेन्सिल घेतो. माझा तासगावकडचा एक विद्यार्थी हे बघून घरच्या द्राक्षबागेत एकाच घडाचं चित्र रोज सकाळी काढत बसला, पाणी उतरेपर्यंत, म्हणजे मणी मऊ पडून पिकू लागेपर्यंत. घडाचा रंग दिवसागणिक बदलत होता आणि त्याची आधीची चित्रं खोटी ठरत होती. वस्तुचित्रणाचा यापेक्षा मोठा धडा मी त्याला देऊ शकलो नसतो.

मराठी वाचणाऱ्यांनी अरुण खोपकर यांचं काम चुकवू नये. भूपेन खख्खर, नलिनी मलानी आणि विवान सुंदरम यांच्यावरची 'फिगर्स ऑफ थॉट' आणि जहांगीर साबावाला यांच्यावरची 'कलर्स ऑफ ॲबसेन्स' या त्यांच्या फिल्म मुलांपेक्षा तुम्हाला जास्त उपयोगी पडतील. चित्राला कॅमेऱ्याने कसं भेटावं, याचा विचार त्यांच्याकडे आहे. त्यांच्या 'चलत्-चित्रव्यूह' या पुस्तकाला २०१५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेही जवळ ठेवा.

प्रदर्शनांवरच्या फिल्मबद्दल माझं मत थोडं कडक आहे. त्यांत दोन जाती असतात. एक दालनातून फिरवते आणि प्रत्येक भिंतीपाशी कौतुक करते. तिचा वर्गात उपयोग कमी. दुसरी, प्रदर्शन कसं उभं राहतं ते दाखवते, आणि ती मुलं डोळे विस्फारून बघतात. २०२३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये व्हर्मीरची २८ चित्रं एकत्र आली. त्याची आज मानली जाणारी चित्रंच मुळात सदतीसच्या आसपास. साडेसहा लाख लोकांनी ते प्रदर्शन पाहिलं. त्याच्या तयारीवरचा 'क्लोज टू व्हर्मीर' हा डच माहितीपट मी दाखवतो, कारण त्यात चित्र मागायला जावं लागतं, नकार मिळतात, आणि जाणकारांत मतभेद होतात. बासरीवाल्या मुलीचं चित्र व्हर्मीरचं नाही असं वॉशिंग्टनच्या संग्रहालयाने २०२२ मध्ये जाहीर केलं, ॲमस्टरडॅमने ते व्हर्मीरचं म्हणूनच लावलं. "मग खरं कोण?" असं मुलं विचारतात. तिथे फिल्म थांबवायची. मोतीवाली मुलगीही त्या प्रदर्शनात शेवटपर्यंत नव्हती, मार्चअखेर तिला हेगच्या घरी परत पाठवलं.

फ्रेडरिक वाइजमन यांची लंडनच्या नॅशनल गॅलरीवरची २०१४ ची फिल्म तीन तासांची आहे आणि तिला निवेदकच नाही. तिच्यातला एकच प्रसंग काढून ठेवा. दृष्टिहीन माणसं पिसारोच्या एका रस्त्याच्या चित्राची उठावदार प्रत बोटांनी वाचतात. 'द इनर आय'नंतर आठवड्याने हा प्रसंग दाखवला की मुलं आपसूक दोन्ही जोडतात.

परवानगीचाही विचार करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शाळेच्या कामाचा भाग म्हणून शिक्षक, विद्यार्थी आणि पालकांपुरती फिल्म दाखवायला सवलत आहे. गावाला खुलं आमंत्रण दिलंत की ती सवलत संपते, मग हक्कधारकाला लिहावं लागतं. फिल्म्स डिव्हिजनच्या पुष्कळ फिल्म अधिकृतपणे ऑनलाइन ठेवलेल्या आहेत, तिथून सुरुवात केलीत तर घोळ होत नाही.

आणि आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर. नाही, पडद्यावर पाहिलं म्हणजे चित्र पाहिल्यासारखं होत नाही. पण तुमच्या मुलांना खरं चित्र दाखवायला ॲमस्टरडॅमला जावं लागत नाही. विट्याहून पुसेसावळीमार्गे सातारा जिल्ह्यातलं औंध फार लांब नाही. तिथल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत, चित्रकार धुरंधरांची चित्रं आहेत, इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचं 'आई आणि मूल' हे दगडी शिल्पही आहे. हे संग्रहालय १९३८ मध्ये औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभं केलं, आणि ते स्वतः चित्रकार होते. मी आधी वर्षभर फिल्म दाखवून शेवटी सहल औंधला न्यायचो. सहा-सात वर्षांनी क्रम उलटा केला. जूनमध्ये औंध, मग फिल्म. एकदा खऱ्या चित्रापुढे उभं राहिलेलं मूल पडद्याला प्रश्न विचारतं: मागून कसं दिसतं? तिरकं बघितलं तर चमकतं का?

रविवर्म्याची लक्ष्मी-सरस्वती आपल्या मुलांनी देवघराच्या भिंतीवर, कॅलेंडरवर पाहिलेली असते. १८९४ मध्ये त्याचा छापखाना निघाला आणि ती घराघरांत पोचली. त्यामुळे औंधच्या मूळ चित्रापुढे ती थबकतात. शालूच्या जरीवर रंगाचा जाड थेंब आहे, तो कॅलेंडरवर कधीच नव्हता. त्या दालनात मी एकच काम देतो. वही-पेन्सिल आणि एकच चित्र. दहा मिनिटं जवळून, दहा मिनिटं दहा पावलं मागे जाऊन. मोबाइल सगळे माझ्या पिशवीत. परतीच्या एसटीत कोणी कोणाला काय सांगतंय, ते कान देऊन ऐका. पुढच्या शनिवारी कोणती फिल्म लावायची, ते बहुतेक वेळा मला तिथेच कळलं आहे.

तुमची खोली किती मोठी आहे, खिडक्या कोणत्या बाजूला आहेत आणि प्रोजेक्टर कोणता आहे, ते इथे लिहा. रंगाच्या सेटिंगबद्दल मग नेमकं सांगता येईल. हुसेन यांची फिल्म मात्र त्यासाठी थांबवू नका. ती काळी-पांढरी आहे, निळीच्या भिंतीवरही चालते.